बाघचा समुद्र वाचणारे प्रमथनाथ बोस

धार जिल्ह्यातील बाघची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पण त्याच परिसरातील चुनखडकात समुद्रातले जीव दगड होऊन बसले आहेत, तिकडे सहसा लक्ष जात नाही. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, त्याची ही खूण. हे खडक चिकाटीने वाचणाऱ्या एका भारतीयाची ओळख इंदूरच्या वाचकांना करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

प्रमथनाथ बोस यांचा जन्म १८५५ साली बंगालच्या नदिया जिल्ह्यातील गैपूर गावी झाला. १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले आणि पुढे रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकले. १८८० मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात अधिकारी झाले. निमावर ते कवांट हा नर्मदाकाठ त्यांनी पाहिला. त्यांचा अहवाल १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

बाघच्या चुनखडकाचे त्यांनी तीन थर सांगितले. सर्वांत खाली गाठीगाठींचा चुनखडक. त्यात अमोनाइट सापडतात. देवघरातला चक्राकार शालिग्राम आठवा, तोही अमोनाइटच. मधला थर मातकट, देवला आणि चिराखान या गावांच्या नावाचा. त्यात कालवे आणि समुद्री अर्चिन भरपूर. अर्चिन ओळखणे सोपे: वाटोळ्या कवचावर फुलासारख्या पाच पाकळ्या दिसतात. वरच्या थराचे नाव ‘कोरलाइन’, म्हणजे प्रवाळी. पण त्यात मुख्यतः ब्रायोझोआ या चिमुकल्या जीवांच्या वसाहती आहेत. भिंगातून पाहिले की बारीक छिद्रांची जाळी दिसते. एकेक छिद्र म्हणजे एकेका जीवाचे घर. कोणता जीव कोणत्या थरात, हे नीट नोंदले की थरांचा क्रम लागतो.

खडकांचा क्रम लावणाऱ्या या माणसाचा स्वतःचा क्रम मात्र सरकारने मानला नाही. १९०३ मध्ये त्यांना डावलून, नोकरीत दहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या टॉमस हॉलंड यांना संचालक नेमले गेले. बोसांनी राजीनामा दिला. आम्हा सरकारी नोकरांना ज्येष्ठता डावलली जाण्याचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही!

पण ते घरी बसले नाहीत. मयूरभंज संस्थानात त्यांनी गुरुमहिसाणीचे लोहखनिज शोधले आणि फेब्रुवारी १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना पत्राने कळवले. त्यातूनच पुढे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद कारखाना उभा राहिला. १९३४ मध्ये बोस निवर्तले.

पोलादामुळे त्यांचे नाव देशभर झाले. पण खडक वाचणारी ती नजर त्यांनी आपल्या निमाडातल्या शिंपल्यांवरही रोखली होती, हे आपण विसरू नये. पुढच्या खेपेला बाघला जाल तेव्हा लेण्यांबरोबर आजूबाजूचे दगडही पाहा. मात्र फोडू नका, उचलून आणू नका. ते आहेत तिथेच त्यांना अर्थ आहे.