रंग न ओळखणारा चित्रकार, लोखंडी नांगर आणि बोल्टचं भोक

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तिथं कळलं की काही रंग त्याला नीट ओळखताच येत नाहीत. पेंटिंग संपलं. पण मेकॅनिकल ड्रॉइंगला रंग लागत नाही, रेघ आणि माप लागतं. ते त्यांनी इतकं पक्कं केलं की पुढे व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले.

हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतंच. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी मात्र नांगराला हात लावेनात. लोखंडानं जमिनीला विष भिनतं, अशी समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली.

या धंद्यात ड्रॉइंग मास्तराचं डोकं कुठं लागतं ते बघा. लाकडी नांगर मोडला की गावचा सुतार त्याच नांगरावर बेतून तुकडा बसवायचा. कारखान्याच्या नांगराला ती सोय नाही. समजा, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या काळ्या मातीत एकाचा फाळ झिजला. नवा फाळ शेकडो किलोमीटरवरून येणार आणि त्याची भोकं जुन्या नांगराच्या भोकांसमोर यायलाच हवीत. नाही आली तर बोल्ट शिरणार नाही, ऐन हंगामात बैल उभे राहणार आणि लोखंडाबद्दलची शंका पुन्हा डोकं वर काढणार.

भोक तंतोतंत जागेवर कधीच पडत नाही. किती सरकलेलं चालेल, ते ड्रॉइंगवर लिहावं लागतं. जुनी पद्धत अशी: दोन्ही कडांपासून ४० मिमी, अधिक-उणे ०.१. म्हणजे भोकाच्या केंद्राला ०.२ मिमी बाजूचा चौकोन मिळाला. कोपऱ्याकडे ०.१४ सरकलं तरी पास, सरळ बाजूला ०.१२ सरकलं की नापास. गोल बोल्टला या भेदभावाचं काय? ही विसंगती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यातल्या स्टॅन्ली पार्करनं हेरली. म्हणून आज ड्रॉइंगवरच्या चौकटीत व्यासाच्या चिन्हासह ०.२८ लिहितात: केंद्र एवढ्या व्यासाच्या वर्तुळात कुठंही चालेल. वाचणारे हमखास फसतात ते इथंच. ०.२८ हा व्यास आहे, सरकायची मुभा त्याच्या निम्मी, ०.१४. चौकटीतली पुढची ए, बी, सी ही अक्षरं मोजमाप कुठल्या पृष्ठभागापासून घ्यायचं ते सांगतात. ती न बघता घेतलेलं माप फुकट.

लक्ष्मणरावांच्या उमेदीच्या काळात ही चिन्हं नव्हतीच. अडचण मात्र हीच होती.

नांगर जरा खपू लागला आणि बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. ते स्वतः चित्रकार, हा योगायोग मोठा गोड आहे. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला माळ दिला, वर दहा हजारांचं कर्जही. १९१० मध्ये तिथं कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहू लागली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्या स्टेशनचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे.