हिरवं पाणी आणि कापडवाला

मैत्रिणींनो, हौदाच्या कडेला शेवाळ धरलं की आपण घासणी घेऊन बसतो. त्या बुळबुळीत हिरव्या थराकडे कौतुकाने कोण बघणार? पण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका कापडवाल्याने बघितलं!

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा हा आंतोनी व्हान लेव्हेनहूक. जन्म १६३२ चा. वडील टोपल्या विणायचे, ते आंतोनी लहान असतानाच वारले. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नाही. शास्त्राची भाषा तेव्हा लॅटिन, तीही त्याला येत नव्हती. १६५४ मध्ये लग्न करून त्याने कापडाचं दुकान टाकलं. पाच मुलांपैकी मारिया ही एकटीच जगली. १६६६ मध्ये बायको बार्बराही गेली.

कापडाचा पोत बघायला दुकानदार भिंग वापरत. आंतोनीला त्याचा नादच लागला. बारीक भिंगं तो स्वतः घासून बनवू लागला. १६७४ च्या उन्हाळ्यात तो गावाजवळच्या तळ्यावर गेला. हिवाळ्यात नितळ असणारं ते पाणी उन्हाळ्यात गढूळ, हिरवट व्हायचं. लोक म्हणत, हे दंवामुळे होतं. आंतोनीने बाटलीभर पाणी घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरलं. पाण्यात मळसूत्रासारखे हिरवे पट्टे होते, आणि त्यांच्यामधून चिमुकले जीव पळत होते! ते पट्टे म्हणजे स्पायरोगायरा हे शेवाळ असावं, असं अभ्यासक मानतात.

पुढे १६७६ मध्ये त्याने त्याहून कितीतरी बारीक जीव पाहिल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. ते होते जिवाणू. कोणाचा विश्वास बसेना. मग गावातल्या प्रतिष्ठित माणसांना भिंगातून दाखवून त्याने त्यांच्या साक्षी पाठवल्या. १६७७ मध्ये लंडनलाही तेच दिसलं, आणि १६८० मध्ये हा कापडवाला सोसायटीचा सदस्य झाला.

आज त्याच शेवाळाकडे शास्त्रज्ञ वेगळ्या आशेने बघतात. कारखान्यांच्या सांडपाण्यातून शिसं, तांबं, कॅडमियम असे जड धातू नदीत येतात. शिसं तर लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. शेवाळाच्या पेशींच्या भिंतीवर ऋण भार असतो, म्हणून पाण्यातले धन भाराचे धातूकण तिला चिकटतात. वाळवलेलं, मेलेलं शेवाळही हे काम करतं. चिखलातले काही जिवाणू गंधकाच्या साहाय्याने विरघळलेल्या धातूंचा साका करून खाली बसवतात.

पण यात एक मेख आहे. धातू काही कुजत नाही. तो पाण्यातून निघून शेवाळात जातो, एवढंच. ते शेवाळ वेळेवर काढून नीट ठिकाणी लावलं नाही, तर विष पुन्हा पाण्यातच! म्हणून शेवाळ आहे म्हणजे पाणी पिण्याजोगं, असं कोणी समजू नये. आणि विष मुळात नदीत न सोडणं, हे काम शेवाळाचं नाही, माणसाचं आहे.

आंतोनी १६२३ नव्हे, १७२३ पर्यंत, म्हणजे तब्बल नव्वद वर्षं जगला. मारियाने लग्न केलं नाही. शेवटपर्यंत ती वडिलांजवळ राहिली. त्यांनी ठेवलेली २६ सूक्ष्मदर्शकं तिनेच लंडनला पाठवली आणि चर्चमध्ये त्यांचं स्मारक उभारलं. शोधांच्या यादीत तिचं नाव नाही. पण त्या भिंगांसमोर तासन्‌तास बसणाऱ्या माणसाचं घर तिने सांभाळलं, हे आपण बायकांनी तरी लक्षात ठेवायला हवं.