मौलाना बरकतुल्लाह भोपाली : मतांपायी नोकरी गमावलेला शिक्षक

माणूस वेळेवर येतो, काम चोख करतो, कुणाची तक्रार नाही. पण त्याची राजकीय मतं मालकाला पटत नाहीत. तेवढ्यावरून त्याला कामावरून काढावं का? पगार मालक देतो, मग मर्जीही त्याचीच, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी शिक्षक आहे. हा विषय निघाला की मला एका शिक्षकाचीच आठवण येते, मौलाना बरकतुल्लाह भोपाली यांची.

मौलानांचा जन्म 19व्या शतकात भोपाळला झाला. अरबी, फारसी, उर्दू तर येतच होती, इंग्रजीही त्यांनी मेहनतीने शिकून घेतली. पुढे ते इंग्लंडला गेले. लिव्हरपूलमध्ये अब्दुल्लाह क्विलियम यांनी उभ्या केलेल्या मुस्लिम संस्थेत त्यांनी काम केलं. इंग्रजांच्याच देशात राहून ते इंग्रजी राज्यावर टीका करत. 1903 च्या सुमारास ते अमेरिकेत, न्यूयॉर्कला पोहोचले.

1909 मध्ये त्यांना टोकियोत नोकरी मिळाली. काम होतं जपानी विद्यार्थ्यांना हिंदुस्थानी, म्हणजे आपली उर्दू, शिकवण्याचं. परक्या देशात सन्मानाची जागा मिळाली होती. गप्प बसले असते तर आयुष्य आरामात गेलं असतं. पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. 1910 मध्ये त्यांनी ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ नावाचं इंग्रजी पत्र सुरू केलं आणि युरोपच्या साम्राज्यांविरुद्ध लिहायला लागले.

इंग्रज सरकारला हे खटकलं. 1902 पासून जपान आणि ब्रिटन यांच्यात मैत्रीचा करार होता. त्यामुळे लंडनचा शब्द टोकियोत चालायचा. इंग्रजांच्या दबावाखाली जपान सरकारने 1912 मध्ये पत्र बंद पाडलं. मौलानांनी लिहिणं थांबवलं नाही, तेव्हा 1914 मध्ये त्यांची नोकरीही गेली. इथे थोडं थांबून विचार करा. ते वाईट शिकवतात असा ठपका नव्हता. खटकली ती वर्गाबाहेरची लेखणी.

नोकरी घेणाऱ्यांना वाटलं असेल, पोटाला चिमटा बसला की माणूस नरम पडेल. झालं उलटंच. मौलाना जपान सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि गदर चळवळीचे पुढारी बनले. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच चळवळीतले. पुढे 1 डिसेंबर 1915 रोजी काबूलमध्ये स्वतंत्र हिंदुस्थानचं हंगामी सरकार स्थापन झालं. राजा महेंद्र प्रताप राष्ट्राध्यक्ष, मौलाना बरकतुल्लाह पंतप्रधान आणि मौलाना उबैदुल्लाह सिंधी गृहमंत्री. 1919 मध्ये मौलाना मॉस्कोत लेनिनलाही भेटून आले. फेब्रुवारी 1927 मध्ये ब्रुसेल्सच्या साम्राज्यशाहीविरोधी परिषदेत ते हजर होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा इंतकाल झाला. कबर कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत आहे. मायदेशाची माती नशिबात नव्हती.

1988 मध्ये भोपाळ विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. मतांपायी ज्याची शिकवण्याची नोकरी गेली, त्याच्या नावाने आज हजारो मुलं पदवी घेतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालकाला काहीच हक्क नाही असं मी म्हणणार नाही. शिक्षकाने वर्गात पक्षाचा प्रचार केला, मत वेगळं म्हणून एखाद्या मुलाचे गुण कापले, तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण तो जाब कामाचा असावा, मताचा नव्हे. नोकरी गेली की फक्त एक माणूस गप्प होत नाही, घरातली चूल विझते आणि आजूबाजूचे दहा जण न सांगताच तोंड बंद करतात. मौलानांना पोरंबाळं सांभाळायची नव्हती. आपल्यातल्या बहुतेकांची तशी स्थिती नाही.

अजून एक गोष्ट, आणि ती आपल्याला जड जाईल. आपल्या माणसाची नोकरी मतांपायी गेली की आपण हळहळतो. पण आपल्याला न पटणारी मतं असलेल्याला कुणी काढलं की बरं झालं म्हणतो. हा इन्साफ नव्हे. मौलानांची आठवण काढायची असेल तर विरोधकाच्या रोजीरोटीचाही विचार करावा लागेल.