औंधच्या राजेसाहेबांची सूर्योपासना

॥ श्री गुरवे नमः ॥


रथसप्तमी जवळ आली. हुबळी-धारवाडच्या आपल्या घराघरांत एक्केची पानं डोक्यावर-खांद्यावर ठेवून स्नान होईल, अंगणात रथाची रांगोळी निघेल, दूध उतू जाईल. याच सुमारास आपल्या ग्रुपांवर सूर्याचे मेसेजही वाढतात. सध्या फिरतोय तो असा : उगवत्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून बघा, रोज थोडे सेकंद वाढवा, चष्मा सुटेल. हे साधनेत बसतं का, असं काही घरांतून आम्हाला विचारलं गेलं. उत्तर देण्याआधी, ज्यांनी सूर्यनमस्कार घराघरांत नेला त्या औंधच्या राजांचं चरित्र आज थोडक्यात सांगतो.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजेच बाळासाहेब, यांचा जन्म 1868 चा. औंध हे सातारा भागातलं लहानसं संस्थान, त्याचा एक तुकडा आपल्या विजापूरकडेही होता. डोंगरावरची यमाई हे त्यांचं कुलदैवत. बाळासाहेब शिकलेले, चित्रकार आणि रंगून कीर्तन करणारे. तब्येतीची काळजी मात्र त्यांना तरुणपणापासून होती. म्हणून 1897 च्या सुमारास त्यांनी युरोपातला प्रसिद्ध पहिलवान सँडो याची व्यायामपद्धत धरली, साधनं मागवली आणि जवळजवळ दहा वर्षं ती नेमानं केली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. हा नमस्कार काही त्यांनी शोधला नाही, आपल्याकडे तो आधीपासून होताच. त्यांनी त्याला शिस्त लावली. दहा स्थिती ठरवल्या, श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, बीजमंत्र आणि सूर्याची नावं कशी म्हणायची, ते सगळं नीट मांडलं.

1909 साली ते गादीवर आले आणि हा नेम राजवाड्याबाहेर नेला. संस्थानच्या शाळांत मुलं-मुली नमस्कार घालू लागली. राजेसाहेब स्वतः, राणीसाहेब, घरातली मुलं, सगळ्यांना तोच नेम. बायकांनीही नमस्कार घालावेत असं ते त्या काळात उघडपणे सांगत. 1928 साली त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. 1936 साली ते इंग्लंडला गेले, तिथल्या एका वृत्तपत्रात लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीवर लिहिलं आणि 1938 साली लंडनहून त्यावर पुस्तक निघालं. बिनखर्चाचा, बिनसाधनांचा हा व्यायाम असा साता समुद्रापार गेला.

देणं हा त्यांचा स्वभावच होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरानाची जागा दिली, तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हावी म्हणून लाख रुपये देऊ केले. 1938 साली तर त्यांनी आपली राजसत्ताच प्रजेला देण्याचं जाहीर केलं. गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना तयार झाली आणि 1939 पासून औंधात लोकांचा कारभार सुरू झाला. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. 1951 साली, वयाच्या 83 व्या वर्षात, राजेसाहेब गेले.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ.

राजेसाहेबांच्या नमस्कारात शरीर वाकतं, ताणतं, कपाळ जमिनीला टेकतं. सूर्यबिंबाला डोळे लावून उभं राहायचं, अशी त्या दहा स्थितींत एकही स्थिती नाही. आपल्या परंपरेतही अर्घ्य आहे, गायत्री आहे, दृष्टीसाठी सूर्याची प्रार्थना करणारं चाक्षुषोपनिषद आहे. त्राटक आहे, पण हठप्रदीपिका ते लहानशा लक्ष्यावर करायला सांगते, सूर्यावर नाही. उलट मनुस्मृतीत स्नातकाच्या नियमांत उगवत्या आणि मावळत्या सूर्याकडेही पाहू नये, ग्रहणात पाहू नये, पाण्यातलं त्याचं प्रतिबिंबही पाहू नये, असं बजावलं आहे.

डोळ्याचे डॉक्टरही हेच सांगतात. भिंगानं कागद जळतो ना, तसंच डोळ्याचं भिंग सूर्याचा प्रकाश मागच्या पडद्यावर एका बिंदूत आणतं. वाचायला, चेहरा ओळखायला, सुईत दोरा ओवायला लागणारी नजर नेमकी त्याच बिंदूत असते. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून इजा होताना काहीच दुखत नाही. काही तासांनी समोर मधोमध धुरकट ठिपका दिसतो. कुणाचा काही महिन्यांत कमी होतो, कुणाचा जन्मभर राहतो, आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. सकाळचं ऊन सौम्य म्हणून टक लावणं सुरक्षित ठरत नाही. शिवाय चष्म्याचा नंबर लागतो तो बहुतेक वेळा डोळ्याच्या लांबीमुळे किंवा बुबुळाच्या आकारामुळे. सूर्याकडे बघून तो आकार बदलत नाही. मोतीबिंदू उतरत नाही, काचबिंदूचा दाब कमी होत नाही.

हो, उजेडाचा फायदा आहे, पण तो वेगळ्या रीतीनं. जी मुलं दिवसा बाहेर जास्त खेळतात, त्यांच्यात लांबचं न दिसण्याचा चष्मा लागायचं प्रमाण कमी आढळतं. त्यासाठी सूर्याकडे बघावं लागत नाही, नातवंडांचा मोबाईल ठेवून त्यांना मैदानात सोडलं की झालं.

राजेसाहेबांनी नमस्कारांबद्दल केलेले सगळेच दावे आजचं वैद्यक मानणार नाही. तरी त्यांच्याकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे : नेम, स्वतः करून मग सांगणं, आणि सूर्यापुढे नम्र होणं. नमस्कार म्हणजे वाकणं. तेजाशी नजर भिडवून किती वेळ टिकलो याचे सेकंद मोजू लागलो, की उपासना संपली आणि पैज सुरू झाली.

तेव्हा या रथसप्तमीला घरातल्या सगळ्यांनी मिळून बारा तरी नमस्कार घालूया. गुडघे-कंबरेचा त्रास असलेल्यांनी बसून नुसती नावं घ्यावीत, तेवढं पुरे. अर्घ्य देताना नजर ओंजळीतल्या धारेवर असू द्या. कुणी चष्मा किंवा डोळ्यात घालायचे थेंब बंद केले असतील, तर ते आजच पुन्हा सुरू करा. आणि कुणी टक लावून पाहिलं असेल, मधे डाग दिसत असेल, तर घरच्यांना सांगायला लाजू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

हा निरोप आपल्या घरच्या ग्रुपवर, विशेषतः अज्जा-अज्जींपर्यंत, जरूर पोचवा.

॥ गुरुचरणी समर्पित ॥ 🙏