विश्लेषण : न्यूटनच्या आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाबद्दल नेमके काय सांगितले?

वस्तू खाली पडते. मग अधांतरी असलेली पृथ्वी का पडत नाही? सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविडच्या भास्कराचार्यांनी याचे उत्तर १२व्या शतकात दिले.

कोण होते भास्कराचार्य?
जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. प्रसिद्ध ‘लीलावती’ हा त्याचाच भाग.

काय मांडले?
‘गोलाध्याय’ या भागात ते सांगतात, की पृथ्वी जड वस्तूंना स्वतःकडे ओढते, म्हणून त्या पडताना दिसतात. पृथ्वीभोवती मात्र सगळीकडे सारखेच आकाश. मग ती पडणार कुठे?

अंतराळवीर का तरंगतात?
विरारच्या फुलपाड्यातील एखाद्या इमारतीची लिफ्ट खाली निघताच क्षणभर हलके वाटते. पृथ्वीची ओढ तेवढीच असते, पायाखालचा आधार कमी होतो. सुमारे ४०० किमी उंचीवरच्या अंतराळ स्थानकातही जमिनीच्या तुलनेत सुमारे ९० टक्के गुरुत्वाकर्षण असते. पण स्थानक आणि अंतराळवीर एकत्रच पडत असतात. ताशी सुमारे २८ हजार किमी वेगामुळे ते जमिनीवर न आदळता पृथ्वीभोवती फिरत राहतात.

मग न्यूटनचे श्रेय काय?
अंतर वाढले की ओढ किती घटते, याचे गणित भास्कराचार्यांनी मांडलेले नाही. तो नियम न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केला. दोघांचे काम वेगळे आहे.

पुढे काय झाले?
११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. नातू चंगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील शिलालेखात त्याची नोंद आहे.