लेण्यांतली अक्षरे वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

जळगाव-धुळ्याकडची आपली मंडळी फर्दापूरमार्गे अजिंठ्याला जातात, चित्रे पाहतात, वंदना घेऊन परततात. पण काही चित्रांलगत रंगानेच लिहिलेली बारीक अक्षरे आहेत. ती कोणत्या काळची, कुणाची, हे शोधण्यात ज्यांनी डोळे झिजवले त्या पंडित भगवानलाल इंद्रजींची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८३९ साली जुनागढला झाला. गावाजवळच गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचा शिलालेख. शाळकरी वयातच ब्राह्मी अक्षरांचा तक्ता मिळवून हा मुलगा त्या खडकापाशी बसू लागला. ती कीर्ती ऐकून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६१ साली त्यांना मुंबईस बोलावले. इंग्रजी बेताचेच, म्हणून ते आपले लेख गुजरातीत लिहीत. पण लेण्यांतली लिपी त्यांना घरच्यासारखी होती.

कोरलेल्या लेखावर ओला कागद दाबून ठसा घेता येतो. रंगाच्या लेखाचं तसं नाही, कागदाबरोबर रंगच निघून यायचा! तिथे एकेक अक्षर डोळ्यांनीच टिपावं लागतं. लिपी न जाणणाऱ्याने केलेल्या नकलेत एक रेघ चुकली की दात्याचं नावच बदलतं. अक्षरांचं वळणही काळागणिक बदलत गेलं. ९ व १० क्रमांकाच्या लेण्यांतली सर्वांत जुनी अक्षरं साधी, तर वाकाटक काळातली वळणदार. वळण, भाषा आणि चित्राचा विषय जुळले, तरच लेखाचा काळ पक्का होतो.

१८८१ साली बर्जेस यांच्यासोबत त्यांनी लेण्यांतील लेखांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९०२ साली जर्मन विद्वान ल्यूडर्स यांनी २ क्रमांकाच्या लेण्यातील रंगीत ओळी आर्यशूराच्या जातकमालेतल्या असल्याचे ओळखले. त्यामुळे शेजारचे चित्र क्षांतिवादी जातकाचे, हे नक्की झाले. अक्षरांनी चित्राची साक्ष दिली!

१८८२ साली पंडितजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत अस्थिकरंडक निघाला. १८८८ साली त्यांचे निधन झाले.

१० क्रमांकाच्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चित्रावरच आपले नाव कोरले. भगवानलालांनी भिंतीवर स्वतःचं काही लिहिलं नाही, दुसऱ्यांची पुसत चाललेली नावं वाचली. लेकरांना लेणी दाखवायला नेताना आपण हा फरक त्यांना जरूर सांगूया. ती अक्षरे आपल्याच पूर्वसूरींच्या दानाची आहेत.