सर जॉफ्री डी हॅविलंड

जड विमान भूमीवरून उचलण्यास किती सामर्थ्य लागते, ह्या प्रश्नात ज्यांनी आयुष्य वेचिले, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

जॉफ्री डी हॅविलंड ह्यांचा जन्म ता. २७ जुलै १८८२ रोजी इंग्लंडात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. आजोबांच्या द्रव्यसाहाय्याने त्यांनी स्वतःच विमान व एंजिन योजिले. १९०९ साली ते पहिल्याच उड्डाणात मोडले. १९१० साली दुसरे उडाले. १९२० साली त्यांनी कंपनी स्थापिली. १९३२ साली जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणिले, ते ह्याच कंपनीच्या 'पस मॉथ' विमानातून. १९४३ व १९४६ साली त्यांचे दोन पुत्र विमान-अपघातांत मृत्यू पावले. तरी त्यांनी काम सोडिले नाही.

ता. २ मे १९५२ रोजी त्यांच्या 'कॉमेट' विमानाने लंडनहून जोहान्सबर्गकडे प्रयाण केले. प्रवाशांची ही जगातील पहिली जेट सेवा होय. भरलेल्या विमानाचे वजन एक लक्ष पौंडांहून अधिक, आणि चार 'घोस्ट' एंजिनांचा रेटा मिळून सुमारे २०,००० पौंड. हवा उष्ण असली म्हणजे ती विरळ होते व रेटा आणखी घटतो. अशा वेळी धावपट्टीवर विमानाचे नाक प्रमाणाबाहेर उचलले, तर हवेचा विरोध वाढून वेग खुंटतो, आणि विमान वर चढत नाही.

१९५२ च्या ऑक्टोबरात रोम येथे असेच घडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. दोष वैमानिकाच्या माथी आला. परंतु १९५३ च्या मार्चात कराची येथे तसाच अपघात होऊन विमानातील ११ही जण प्राणास मुकले. तेव्हा पंखांच्या पुढील कडेचा आकार बदलण्यात आला. १९५४ साली धातूस थकवा येऊन दोन कॉमेट आकाशात फुटली. तपासाअंती विमानाची रचना अधिक बळकट करण्यात आली. १९५८ साली निघालेल्या 'कॉमेट ४' मध्ये 'एव्हॉन' एंजिने असून प्रत्येकाचा रेटा १०,००० पौंडांवर होता. त्याच वर्षी ता. ४ ऑक्टोबर रोजी त्याने अटलांटिक महासागरावर जेट प्रवासी सेवा सुरू केली.

ता. २१ मे १९६५ रोजी सर जॉफ्री निवर्तले. मनुष्यास दोष देऊन थांबणे सोपे. यंत्रही तपासून सुधारणे कठीण, पण त्यानेच पुढील प्रवाशांचे प्राण वाचतात. आमच्या मते ह्या चरित्राचा हाच मुख्य बोध होय.